फरासखाना टाळून

आबा मंडईला निघाले की मी हट्ट करून त्यांच्याबरोबर जायची. १९७१ सालची गोष्ट, मी नऊ वर्षांची. देहूरोडला गाडी धरायची, शिवाजीनगरला उतरायचं आणि पुढं पायी. तिथून मंडईला सरळ वाट म्हणजे नव्या पुलावरून, शनिवारवाड्यापुढून, फरासखान्यावरून. आबा त्या वाटेनं कधी गेले नाहीत. जंगली महाराज रस्त्यानं ते लकडी पुलापर्यंत जायचे, पूल ओलांडून लक्ष्मी रस्ता धरायचे आणि पलीकडच्या अंगानं मंडईत शिरायचे. परतताना खांद्यावर बियाण्याचं ओझं असलं, ऊन मी म्हणत असलं, तरी तीच लांबची वाट. एकदा पाय दुखायला लागले म्हणून मी रडले आणि म्हणाले, "आबा, इकडनं जवळ आहे ना?" त्यांनी मला उचलून घेतलं. म्हणाले, "तिकडं आपलं काय काम नाही, पोरी."

फरासखाना म्हणजे पेशवाईत तंबू, राहुट्या, गालिचे ठेवायची जागा. पुढं तिथं पोलीस ठाणं आलं. आमच्या घरात त्या जागेच्या दोन गोष्टी होत्या. पहिली आबा दरवर्षी तुकाराम बीजेच्या सप्ताहात ओसरीवर बसून आम्हा पोरांना सांगायचे. दुसरी मला त्यांच्या मृत्यूनंतर कळली.

पहिली गोष्ट चापेकरांची. आबांना ती त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी सांगितलेली. पणजोबांना सगळं घर दादा म्हणायचं. प्लेगच्या साली दादा बारा वर्षांचे होते. घरात उंदीर पडला की घर सोडायचं, माळावर कुडाच्या झोपड्या घालून राहायचं, आणि मेलेल्याच्या मागं चार माणसं मिळाली तरी नशीब समजायचं, असे ते दिवस. चिंचवड आमच्या देहूहून चालत तीन तासांवर. मोरया गोसावींच्या समाधीपाशी हरिपंत चापेकरांचं कीर्तन दादांनी ऐकलेलं होतं. आमच्याकडचं वारकऱ्यांचं कीर्तन वेगळं, टाळकऱ्यांच्या गराड्यात उभं राहिलेलं. हरिपंतांचं हरदासी. मागं साथीला त्यांचीच मुलं. पैसे देऊन साथीदार ठेवायची ऐपत नव्हती म्हणून पोरांनीच वाद्यं शिकून घेतली होती. दादा सांगायचे, की थोरल्याची नजर कीर्तनभर खाली नसायची. दादांनी हे खरोखर पाहिलं की नंतर गोष्टीत घातलं, कोण जाणे. आबा मात्र तो थोरला दामोदर डोळ्यांपुढं उभा करायचे.

मग रँड यायचा. वॉल्टर चार्ल्स रँड, साताऱ्याहून आणलेला अधिकारी, पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष. १८९७च्या मार्चपासून मे महिन्यापर्यंत त्याची माणसं घराघरात शिरत होती. सरकारी हिशेबानंच आठशे त्र्याण्णव अधिकारी आणि शिपाई या कामावर होते. बुटासकट देवघरात, सोवळ्याच्या स्वयंपाकघरात, बाळंतिणीच्या खोलीत. माणसं रस्त्यावर उभी करून तपासली जायची. आजारी तर आजारी, पण संशय आला तरी उचलून नदीकाठच्या छावणीत. रोग थांबवायला काही करणं भाग होतं, हे आज मला कळतं. पण ज्यांच्या घरात ते झालं त्यांना ते घरावर पडलेल्या दरोड्यासारखं वाटलं, हेही खरंच आहे.

२२ जून १८९७. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा समारंभ गणेशखिंडीत, आज जिथं विद्यापीठ आहे तिथं. रात्री मेजवानीहून गाड्या परतत होत्या. 'गोंद्या आला रे' ही खुणेची हाक आम्हा पोरांना इतकी पाठ होती, की आबा थांबले की आम्हीच ती ओरडायचो. दामोदरनं रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्णनं. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला ससून रुग्णालयात.

इथपर्यंत आबांचा आवाज चढता असायचा. पुढं तो उतरायचा. लहानपणी मला वाटायचं, गोष्ट दुःखाची होते म्हणून उतरतो.

सरकारनं वीस हजारांचं बक्षीस लावलं. मुंबईहून ब्रुइन नावाचा अधिकारी तपासाला आला. महिने गेले, हाती काही लागेना. सरदार नातू बंधूंना जुन्या १८२७च्या रेग्युलेशनखाली खटला न चालवता धरून ठेवलं. लोकमान्य टिळकांना केसरीतल्या लिखाणावरून दीड वर्षाची शिक्षा झाली. शहरात जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहरावरच टाकला. या काळात पुण्यात ओसरीओसरीवर काय चाललं असेल, याचा मी पुष्कळ विचार केलेला आहे. सरकारचा संशय शहरावर. शहराचा संशय एकमेकांवर. ज्याच्याकडं अचानक चार पैसे दिसले, जो कचेरीत एकदा जाऊन आला, जो गप्प झाला, जो जास्त बोलायला लागला, त्या प्रत्येकाकडं बघणाऱ्याची नजर बदललेली. दादा म्हणायचे, त्या पावसाळ्यात पुण्याहून आलेला पाहुणासुद्धा आवाज खाली करून बोलायचा, आणि कुणाबद्दल बोलतोय ते नाव न घेता बोलायचा.

नाव फुटलं ते येरवड्याच्या तुरुंगातून. गणेश शंकर द्रविड फोर्जरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता. चापेकर त्याच्या ओळखीतले. त्यानं ब्रुइनला दामोदरचं नाव दिलं. दामोदर मुंबईत पकडला गेला, ऑक्टोबरमध्ये त्यानं कबुली दिली, आणि १८ एप्रिल १८९८ला येरवड्याला फाशी गेला. टिळकही तेव्हा त्याच तुरुंगात होते. त्यांनी दिलेली गीता हातात घेऊन दामोदर फासावर चढला असं सांगतात. बाळकृष्ण निजामाच्या मुलखात हिंडत राहिला आणि शेवटी तोही सापडला.

धाकटा वासुदेव राहिला होता. वय अठरा-एकोणीस. ८ फेब्रुवारी १८९९च्या रात्री तो आणि त्याचा मित्र महादेव विनायक रानडे पंजाबी वेश करून सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधराजवळ द्रविडांच्या घरी गेले. घरात पत्त्यांचा डाव चालू होता. निरोप दिला, की ब्रुइनसाहेबांनी फरासखान्यावर बोलावलंय. गणेश आणि त्याचा भाऊ रामचंद्र डाव सोडून खाली आले, चार पावलं चालले, आणि अंधारात गोळ्या सुटल्या. दोघेही वाचले नाहीत. (आमच्याकडं सगळे म्हणायचे, या खुनांवरूनच त्या मुरलीधराला खुन्या म्हणतात. तसं नाही. ते नाव पेशवाईतल्या रक्तपातापासूनचं आहे. पण गोष्टीला नाव चिकटतं ते असं.) पुढं वासुदेवला चौकशीसाठी फरासखान्यात नेलं, तेव्हा त्यानं तिथंच पोलिसांवर गोळी झाडायचा प्रयत्न केला. ८ मे १८९९ला वासुदेव, १० मेला रानडे, १२ मेला बाळकृष्ण. पाच दिवसांत तीन फाशी. खंडो विष्णू साठे नावाचा त्यांचा साथीदार अजून पोरगाच होता, म्हणून त्याला दहा वर्षं सक्तमजुरी. भगूरला सोळा वर्षांच्या विनायक सावरकरांनी चापेकरांवर पोवाडा रचला आणि कुलदेवतेपुढं शपथ घेतली, ती यानंतर.

द्रविड हे नाव आलं की आम्ही पोरं एका सुरात "फितूर!" म्हणायचो. दादांच्या तोंडी तो शब्द थुंकल्यासारखा यायचा, असं आबाच सांगत. आबा स्वतः मात्र तो शब्द वापरत नसत. दोघा भावांचा वाटा सारखा होता का, हे ओसरीवर कुणी विचारलं नाही, मीही नाही. एका वर्षी गोष्ट संपल्यावर आबा जरा वेळ थांबून म्हणाले, "ज्यांनी सांगितलं ते मारले गेले. पण ज्यांनी सांगितलं नव्हतं, त्यांच्याकडं लोक किती दिवस बघत राहिले असतील, ते कुणी लिहून ठेवलं नाही." आम्हाला त्यातलं काही कळलं नाही. आम्ही आमटी-भात खायला उठलो.

पुढं शिक्षिका झाले, इतिहास शिकवला, आणि हा विषय पाठ सोडीना. जिथं जिथं गुप्तपणे काम करणारी मंडळी होती, तिथं तिथं आतला माणूस फुटल्याची गोष्ट आहेच. डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये १८८२ साली इंग्रज सरकारच्या दोन बड्या अधिकाऱ्यांचा खून झाला. करणाऱ्या टोळीतला जेम्स कॅरी हा शहराचा नगरसेवक. कुणाला मारायचं याची खूण त्यानंच केली होती, आणि कोर्टात सरकारतर्फे साक्ष देणाराही तोच निघाला. पाच जण फाशी गेले. नाव बदलून, बायकापोरांसह कॅरी आफ्रिकेकडं निघाला होता. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जहाजावरच पॅट्रिक ओडॉनेलनं त्याला गोळी घातली. अलीपूरच्या खटल्यात माफीचा साक्षीदार झालेल्या नरेन गोसाईंला ३१ ऑगस्ट १९०८ला तुरुंगातच कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बसू यांनी मारलं. तुरुंगात पिस्तुलं पोचवली गेली होती, यावरून त्या रागाची कल्पना यावी.

आणि आमच्याच अंगणातलं. देहूहून तळवड्याच्या बाजूनं चाकणला गेलं, कारखान्यांच्या कुंपणांतून पुढं नाशिकच्या रस्त्याला लागलं, की भीमेकाठी खेड येतं. शिवराम हरी राजगुरूंचं गाव, म्हणून आता राजगुरुनगर. लाहोरच्या ज्या खटल्यात ते फाशी गेले, त्यात त्यांच्याविरुद्ध उभे राहिले ते त्यांचेच साथी होते: जयगोपाल, फणींद्रनाथ घोष, हंसराज व्होरा. त्यातल्या जयगोपाल आणि फणींद्रनाथला १९३०च्या फेब्रुवारीत जळगावच्या कोर्टात साक्षीसाठी आणलं होतं. तिथं आरोपीच्या पिंजऱ्यातल्या भगवानदास माहौरनं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तेव्हा ते वाचले. फणींद्रनाथला दोन वर्षांनी बेतियाला गाठलंच. हंसराज व्होरा पुढं पत्रकार झाला, वॉशिंग्टनला राहिला, म्हातारा होऊन गेला.

माफीचा साक्षीदार. हा शब्द मी मुलांना शिकवायची तेव्हा फळ्यावर लिहून थोडा वेळ थांबायची. माफी कुणाची? सरकारनं दिलेली. ज्यांच्याबरोबर शपथ घेतली त्यांच्याकडून कधीच नाही. या माणसांची बाजू मी घेणार नाही. ज्याच्या घरी जेवलो त्याचं नाव पैशासाठी किंवा सुटकेसाठी विकणं, याला दुसरं नाव नाही. पण ही सगळी माणसं कोर्टाच्या कागदावर आहेत. त्यांनी काय सांगितलं, कधी सांगितलं, ते छापलेलं आहे. आबांच्या त्या वाक्यातली माणसं कुठल्याच कागदावर नसतात.

आमची इंद्रायणी देहूहून आळंदीला जाते आणि तुळापूरला भीमेत मिळते. ११ मार्च १६८९ला त्या काठावर संभाजी महाराजांचा शेवट झाला. संगमेश्वरला महाराज सापडले कसे, कुणी खबर दिली, याचा आळ गणोजी शिर्क्यांवर घातला गेला. इतिहासकारांत आजही त्यावर वाद आहे. पण कादंबऱ्या-नाटकांतून तो ठरूनच गेला. २०२५ साली 'छावा' चित्रपट आला तेव्हा शिर्के घराण्यातल्या लोकांनी हरकत घेतली, आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तीनशे छत्तीस वर्षं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी आबांची ही गोष्ट लिहायची ठरवली.

आता ती दुसरी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात देहूरोडला लष्करी दारूगोळ्याची कोठारं झाली. आसपासच्या गावांतल्या पोरांना पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार मिळायला लागला. आबा १९४१ला तिथं मजूर म्हणून लागले. गावात त्याला 'डेपो' म्हणत, अजूनही म्हणतात. भास्कर कर्णिक तिथंच नोकरीला होते. शिकलेला, तरुण माणूस. बेचाळीसच्या चळवळीत पुण्यातल्या भूमिगत मंडळींना स्फोटकं लागत होती, ती कर्णिकांनी तिथून बाहेर काढली. २४ जानेवारी १९४३ला पुण्याच्या लष्कर भागातल्या कॅपिटॉल चित्रपटगृहात, गोरे सैनिक सिनेमा पाहत असताना स्फोट झाला. पोलीस कर्णिकांपर्यंत पोचले. त्यांना फरासखान्यात आणलं. तिथं त्यांनी जवळ लपवलेलं पोटॅशियम सायनाइड घेतलं. आपल्या तोंडून एकही नाव बाहेर पडू नये म्हणून. आज फरासखान्यापाशी त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. कर्णिकांच्या चव्वेचाळीस वर्षं आधी वासुदेव चापेकरनं जिथं गोळी झाडायचा प्रयत्न केला, तीच ही जागा.

पोलिसांना कर्णिकांचं नाव कसं लागलं, याची डेपोत कुजबुज सुरू झाली. चौकशीला माणसं बोलावली गेली, असं घरात सांगत. आबांनाही बोलावलं. एक दिवस आणि एक रात्र त्यांना फरासखान्यात बसवून ठेवलं. त्यांना सांगण्यासारखं काही माहीत नव्हतं. कर्णिकांना ते लांबून ओळखत, म्हणजे साहेब लोकांतला एक बरा माणूस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. गावात चालत आले.

एवढ्यानं काही झालं नसतं. अजूनही काही जणांना बोलावलं होतं. पण पुढच्या दोन महिन्यांत आबांनी सायकल घेतली.

देहू गावात तेव्हा सायकली मोजक्या. डेपो गावापासून लांब, पहाटेची पाळी चुकली की खाडा पडायचा, म्हणून सायकल घेतली. मजुराकडं सायकल? पैसे कुठनं आले? एकानं पाराजवळ विचारलं, दुसऱ्यानं इंद्रायणीच्या घाटावर. मग विचारणं थांबलं, आणि ते जास्त वाईट झालं. पोलिसांच्या बक्षिसाची सायकल, असं गावात ठरलं. पोरं मागं "सी.आय.डी. आला, सी.आय.डी. आला" म्हणत पळायची. आबा पखवाज वाजवायचे. सप्ताहात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला पखवाजावर बसवलं, आणि आबांना कुणी काही म्हटलं नाही, नुसतं बोलावलं नाही. पुढं आत्याचं ठरत आलेलं लग्न मोडलं. त्या घरी कारण विचारायला गेलेल्या मामाआजोबांना एवढंच उत्तर मिळालं, की आम्हाला सायकलवाल्यांत सोयरीक करायची नाही.

आबांनी एकदाही खुलासा केला नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. सायकल वर्षभर वापरली, मग एका रात्री तळेगावला नेऊन विकली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, ते डेपोत पायी गेले. पखवाज आमच्या माळ्यावर फडक्यात गुंडाळलेला होता. मी तो एकदा खाली काढला तर त्यांनी काही न बोलता परत वर ठेवला. आणि हेच आबा दरवर्षी पोरांना समोर बसवून चापेकरांची गोष्ट सांगत. द्रविडांच्या नावाशी आले की आवाज उतरायचा. आता कळतं, की ओसरीच्या कडेला गावातलं कुणी ना कुणी ऐकत उभं असायचं.

आबा १९८९ला गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, बीजेच्याच दिवशी, मंदिरात दुपारची फुलं उधळून झाल्यावर आजी घरी आली आणि माजघरात लोखंडी ट्रंक उघडून बसली. मला म्हणाली, "तुला एक दाखवायचंय." ट्रंकेच्या तळाशी लाल फडकं होतं, त्यात काहीच नव्हतं. फक्त कापडावर गोल गोल डागांची एक ओळ. पुतळ्यांची माळ त्यात वर्षानुवर्षं गुंडाळलेली होती, त्याचे ते डाग.

"माझ्या आईची माळ. सायकलीसाठी मी दिली. यांनी मागितली नव्हती. खाडे पडत होते, पगार कापत होते, पोटात तुझा बाप होता. मीच म्हटलं, मोडा. पुण्याला माझ्या भावाबरोबर जाऊन मोडली."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही कुणाला?"

"कसं सांगणार? बायकोच्या अंगावरचं सोनं मोडून सायकल घेतली, हे तुझ्या आबांनी चारचौघांत बोलायचं? माझ्या माहेरी कळलं असतं तर माझा भाऊ उभा राहिला नसता घरात, त्यानं आईला न सांगता मोडून आणली होती. मी म्हणायची, सांगून टाका. ते म्हणायचे, ज्यांना मी फितूर वाटतो ते माळेवर विश्वास ठेवतील होय? म्हणतील, माळपण त्या पैशातलीच."

मग जरा थांबून म्हणाली, "आणि त्यांना त्या कर्णिकांचं वाईट वाटायचं. म्हणायचे, एक माणूस नाव सांगायला लागू नये म्हणून मेला. मी माझ्यावरचा आळ काढायला दुसऱ्या कुणाचं नाव सुचवलं, तर त्याच्या मरणाला काय अर्थ?"

हे शेवटचं माझ्या मनातून जात नाही. कारण आळ काढायचा एकच सोपा मार्ग होता, तो म्हणजे दुसऱ्या कुणाकडं बोट दाखवणं. आबांच्या बरोबर चौकशीला गेलेले इतरही होते. त्यातला एखादा पुढं चांगल्या हुद्द्यावर गेला असेल, एखाद्यानं जमीन घेतली असेल. संशयाला तेवढं पुरतं. आबांनी ते केलं नाही. द्रविडांनी जे केलं, ते न करण्याची किंमत मोठी होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत एका माणसानं पायी चालून दिली.

लग्नानंतर मी चिंचवडला आले. घरापासून चापेकर चौक पाच मिनिटांवर, चापेकर वाड्याचं स्मारक त्याच्या पुढं. शाळेच्या सहली येतात. मुलं दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव ही नावं मोठ्यानं वाचतात, आणि रानड्यांपाशी आली की विचारतात, हे कोण? मला ते आवडतं. महादेव रानडे तिघांपैकी कुणाचा भाऊ नव्हता, फक्त मित्र होता, आणि त्यानं शेवटपर्यंत मित्राची साथ सोडली नाही. मुलांना मी हेही सांगते, की दामोदरला सुधारकांचा तिटकारा होता आणि त्यानं त्यांच्यावर हल्ले केले होते. त्यानं स्वतःच तुरुंगात ते लिहून ठेवलंय. माणूस पूर्ण सांगितला म्हणून त्याचं धैर्य कमी होत नाही.

गेल्या वर्षी बीजेला देहूला गेले होते. नांदुरकीच्या झाडाखाली गर्दीत बसले असताना शेजारच्या दोन बायकांचं बोलणं कानावर आलं. एक दुसरीला गावातली जुनी घरं सांगत होती. आमच्या घराकडं हात करून म्हणाली, "ते सायकलवाल्यांचं." दुसरीनं विचारलं, "सायकलवाले म्हणजे?" पहिली म्हणाली, "अगं, बेचाळीसला त्यांच्यातल्या एकानं..." आणि तिनं आवाज खाली केला.

मी उठून तिच्याजवळ गेले नाही. ब्याऐंशी वर्षांचं बोलणं गर्दीत दोन मिनिटांत पुसलं जात नाही, म्हणून लिहिलं.

देहूकरांनो, कर्णिकांची गोष्ट सांगा. चापेकरांची सांगा, आणि द्रविडांनी काय केलं तेही सांगा, ते कागदावर आहे. पण डेपोतल्या सायकलीची गोष्ट पुढच्या पोरांना सांगू नका. त्या सायकलीचे पैसे माझ्या आजीच्या माळेचे होते.